तपकीर गल्लीतल्या लायटिंगच्या माळा : काय झगमगतं आणि काय टिकतं

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. घरच्या गणपतीला किंवा दिवाळीत खिडकीला लावायला वॉर्म व्हाइट राइस माळ घ्या, साधी, बटणाची, दहा मीटरची साधारण शंभर-दीडशेत मिळते, तिला पाचपैकी साडेचार. कर्टन लाइटला तीन. ॲपवर चालणारी ती पिक्सलवाली, तिला दीड, आणि तो दीडसुद्धा घरातली मुलं खूश झाली म्हणून. नियॉन पट्टीचं प्रकरण जरा वेगळंय, ते खाली येतंच. ज्यांना वेळ आहे त्यांनी निवांत वाचा.

तपकीर गल्ली म्हणजे बुधवार पेठेतली ती इलेक्ट्रिकच्या दुकानांची गल्ली, वायर-स्विच-पंख्यापासून झुंबरापर्यंत सगळं. एरवी तिथे इलेक्ट्रिशियन आणि घराचं काम काढलेले लोक दिसतात पण श्रावण संपत आला की अख्खं पुणं तिथे असतं. गाडी नेऊ नका, खरंच नका, आता मंडईला मेट्रो स्टेशन झालंय तिथे उतरून चालत जायचं, वाटेत दगडूशेठला बाहेरूनच हात जोडायचे आणि पुढे सटकायचं. मुंबईकरांना लोहार चाळ जशी तशी आम्हाला ही, फक्त आमच्याकडे घासाघीस कमी चालते, दोनदा विचारलं की दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागतो.

तिथली पहिली अडचण म्हणजे तिथला लखलखाट. प्रत्येक दुकानात छतापासून काउंटरपर्यंत सगळ्या माळा एकदम चालू असतात, लाल निळ्या हिरव्या, धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, वर एखादा फिरणारा डिस्को बॉल, आणि त्या गदारोळात आपण एक माळ हातात धरून "ही कशी दिसेल?" असं विचारत असतो. काहीही दिसत नाही! डोळे आधीच दिपलेले असतात. तिथे भारी वाटलेली माळ घरी मिणमिणते आणि तिथे फिकी वाटलेली घरी डोळ्यात घुसते. त्यामुळे माळ लावून दाखवा म्हटलं की ती काउंटरच्या खाली, अंधारात धरायला सांगायची. मी सांगितलं तर काका आधी वैतागले, "ताई, सगळे वरच बघतात हो", पण दाखवली. तिथेच मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर टाकून माळेवर धरायचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातल्या माळेतला एलईडी सेकंदाला ५० नाहीतर १०० वेळा चालू-बंद होत असतो. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर स्थिर दिसतो पण मान पटकन वळवली की ठिपक्यांची रेघ उमटते, आणि काही लोकांचं डोकं दुखतं ते त्यानेच. कॅमेऱ्यात ही फडफड लगेच कळते. जी माळ कमी फडफडते ती घ्यायची, दोन्हीचा भाव बहुतेक वेळा एकच असतो.

आता राइस माळ. तांदळाएवढे बल्ब म्हणून राइस, काही दुकानात तांदूळ माळच म्हणतात. हिच्या वायरीवर एक छोटी चौकोनी डबी असते, तिच्यावर एक बटण, आणि बॉक्सवर आठ मोड छापलेले. कंपनी कुठलीही असो, यादी तीच: कॉम्बिनेशन, इन वेव्हज, सिक्वेन्शियल, स्लो ग्लो, चेझिंग, स्लो फेड, ट्विंकल, स्टेडी ऑन. ही यादी आमच्या घरात कोणी वाचत नाही. सासूबाईंनी सगळ्यांची बारशी केलीत. ट्विंकल म्हणजे "लुकलुक". चेझिंग म्हणजे "पळती". कॉम्बिनेशन, ज्यात सातही प्रकार एकामागून एक येतात, ती "झगमग". आणि त्यातला जो मधेच फटाफट उघडझाप करणारा तुकडा येतो तो "लखलख", तो आला की आतून आवाज येतो, "अगं ती लखलख बंद कर, आरतीला वीज पडल्यासारखं वाटतं." हे इतकं नेमकं आहे की मी आता दुकानातही असंच सांगते आणि काकांना बरोबर कळतं. लुकलुकणारी द्या म्हटलं की ते एक काढतात, झगमगणारी म्हटलं की दुसरी. मोड नंबर सात म्हटलं तर बॉक्स उलटा करून वाचत बसतात.

कारण हे शब्द आपण उगाच नाही वापरत. लखलख करायला एकच गोष्ट पुरते, वीज, तलवार, नाहीतर नुकतं घासलेलं तांब्याचं घंगाळ. झगमग एकट्यादुकट्याचं कामच नाही, तिला गर्दी लागते, लक्ष्मी रोड लागतो, लग्नाचा हॉल लागतो, रंग लागतात आणि हालचाल लागते. चमचम बारक्या बारक्या ठिपक्यांची, पैठणीची जर, टिकल्या, नदीवरचं ऊन. (आणि चमचमीत म्हटलं की गाडी थेट मिसळीवर जाते, त्याला इलाज नाही.) चकचकीत फरशी असते, गाडी असते. झळाळी सोन्याला असते आणि सोन्याचा भाव वाढला की पेपरवाले ती हमखास काढतात. आणि लुकलुक लांबची. तारे, काजवे, घाटातून रात्री दिसणारं गाव. जवळ काही लुकलुकत असेल तर ट्यूब गेलेली असते.

आणि माळवाल्यांचा घोळ नेमका इथेच होतो. बॉक्सवर ट्विंकल लिहिलंय म्हणजे चांदण्यासारखी लुकलुक होईल असं वाटतं. तारा लुकलुकतो कारण त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना हलत्या हवेतून येतो, आणि प्रत्येक ताऱ्याची लुकलुक त्याची त्याची, शेजारच्याशी काही देणंघेणं नाही. या डबीत मात्र दोन नाहीतर चारच लाइनी असतात. म्हणजे शंभर बल्बांपैकी पन्नास एकदम लागणार, ते विझले की उरलेले पन्नास. लांबून बरं दिसतं पण समोर पाटावर बसून बघितलं की ते लुकलुकणं राहत नाही, सीसॉ होतो. काजव्यांचं उदाहरण देऊन कोणी म्हणेल की तेही एकदम लुकलुकतात, आणि खरंय ते, पुरुषवाडीला नाहीतर भंडारदऱ्याकडे मेअखेर-जूनच्या सुरुवातीला गेलात तर अख्खं झाड एका तालात पेटतं आणि विझतं. पण तिथेही ती लाट एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरकत जाते. दीडशे रुपयांत तेवढी अपेक्षा करू नये, मान्य.

तर राइस माळेचे उपयोगाचे मोड दोनच: स्लो फेड आणि स्टेडी ऑन. स्लो फेडमध्ये उजेड हळू चढतो आणि हळू उतरतो, जुन्या बल्बच्या माळेला जवळ जाणारं काही असेल तर हेच. जुन्या बल्बमध्ये तार तापायची आणि विझतानाही थंड व्हायला क्षणभर घ्यायची, त्यामुळे ती उघडझाप मऊ असायची. एलईडीला तापणं वगैरे भानगड नाही, लागला की लागला. तुम्हाला आठवत असेल, जुन्या माळेत एक बल्ब वेगळा असायचा, टोकाला बहुतेक लाल रंग लावलेला, त्याच्या आत एक पत्ती असायची, दोन धातूंची. ती तापली की वाकायची, सर्किट तुटायचं, थंड झाली की परत जुळायची. तो बल्ब लावला की माळ उघडझाप करणार, काढून साधा लावला की स्थिर. एवढंच तंत्रज्ञान होतं आणि मोड एकच होता आणि कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती एक बल्ब गेला की अख्खी माळ जायची याची, आणि मग बाबा टेस्टर घेऊन एकेक बल्ब काढून बघत बसायचे, त्यात त्यांचे दोन तास आणि घराची शांतता जायची.

एक राग आहे तो सांगतेच. लाइट गेले आणि आले की ही डबी सगळं विसरते. स्टेडी ऑन वर ठेवलेली माळ परत कॉम्बिनेशनवर येते. भाद्रपदात आमच्याकडे लाइट येत-जात असतातच, त्यामुळे पाहुणे बसलेत, अथर्वशीर्ष चाललंय, आणि मागे डिस्को सुरू. मग कोणीतरी उठून सात वेळा बटण दाबायचं. आठवा मोड गाठायला सात, आणि घाईत एक जास्त दाबलं गेलं की पुन्हा पहिल्यापासून. साडेचार दिलेत, अर्धा कापला तो याच्यासाठी. याच माळेत बिनडबीची, नुसती स्थिर लागणारीसुद्धा येते, पण ती मागावी लागते, स्वतःहून कोणी दाखवत नाही.

रंगाबद्दल भांडून घ्या, इथे तडजोड करू नका. पांढरी द्या म्हटलं की ते कूल व्हाइट देतात, ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) आसपासची, तिने शाडूची मूर्ती पांढुरकी आणि मोदक निळसर दिसतात, फोटोत तर दवाखाना. वॉर्म व्हाइट मागा, बॉक्सवर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेलं बघा. गंमत म्हणजे दोन्ही आतून निळेच असतात. पांढरा एलईडी म्हणजे निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप, लेप जसा तसा उजेड उबदार. तो निळा एलईडी बनवायलाच शास्त्रज्ञांना इतकी वर्षं लागली की जमवणाऱ्या जपानमध्ये जन्मलेल्या तिघा संशोधकांना, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना, २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. आणि आपल्याकडे तो डझनावर मिळतो, रबर बँड लावून.

वॉर्म व्हाइट स्थिर लावली आणि समोर पितळेची समई असली, पीतांबरीने घासलेली, की त्या समईच्या अंगावर जी चमचम येते ती कुठल्याही रिमोटमधून येत नाही. माळेचा प्रत्येक ठिपका तिच्या गोल बुडावर वेगळा उमटतो, ज्योत हलली की तेही हलल्यासारखे वाटतात. यात माळेचं कौतुक किती आणि समईचं किती ते तुम्ही ठरवा.

कर्टन लाइट म्हणजे पडदा, तीन मीटर बाय तीन मीटर, बारीक तांब्याच्या तारेवर तीनशे बल्ब, यूएसबीवर चालतो, पाचशेच्या आत येतो. मखराच्या मागे लावला की पहिल्या दिवशी सगळे व्वा म्हणतात. थर्माकोल बंद झाल्यापासून मागचा सगळा भार असल्या पडद्यांवर आलाय, साडी लावा आणि पडदा सोडा, झालं डेकोरेशन. पण दोन गोष्टी. एक, पाच व्होल्टवर एवढी लांब बारीक तार, त्यामुळे टोकाकडचे बल्ब मंद होतात. वरचे लखलखीत आणि खालचे झोपलेले. दुसरं म्हणजे उजेड मूर्तीच्या मागून येतो आणि मोबाइल त्या उजेडावर सेट होतो, म्हणजे फोटोत पडदा सुंदर आणि बाप्पाचा चेहरा काळा. समोरून एक साधा पिवळा बल्ब द्यावाच लागतो. आणि काढताना जो गुंता होतो त्याबद्दल मी सणासुदीला बोलत नाही.

पिक्सल. हिच्याबद्दल वाईट वाटतं कारण हिच्यात खरी ताकद आहे. हिच्या प्रत्येक बल्बला स्वतःची चिप असते, म्हणजे प्रत्येक ठिपका वेगळा चालवता येतो, म्हणजे जी चांदण्यासारखी लुकलुक राइस माळेला जमत नाही ती हिला आरामात जमेल. आणि ॲपमध्ये काय दिलंय? इंद्रधनुष्य पळतंय. इंद्रधनुष्य उलटं पळतंय. इंद्रधनुष्य गाण्याच्या ठेक्यावर उडतंय. शंभरावर इफेक्ट आहेत म्हणून बॉक्सवर मिरवलंय, त्यातले जवळपास सगळे असले. शांत असा एक इफेक्ट शोधून सापडला, तर ॲपने लोकेशनची परवानगी मागितली. माळेला माझं लोकेशन कशाला पाहिजे? मुलं मात्र सोफ्यावर लोळत रंग बदलत बसली म्हणून तो दीड. मंडळवाल्यांना, मोठ्या कमानीला, लग्नाला ही ठीक आहे, तिथे झगमगाटच हवा असतो आणि तिथे तो शोभतोही. चौकात उभं राहून मान वर करून रोषणाई बघायची मजा मी नाकारत नाहीये, आमचं लहानपण त्यातच गेलंय. फक्त त्या नादात लेझर नको. लेझरने डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या पुण्यात आल्या, कोल्हापुरातही आल्या, पोलिसांनी मिरवणुकीत मनाई केली, तरी गल्लीत कोपऱ्यात कोणीतरी हिरवी रेघ समोरच्या इमारतीवर फिरवत असतंच.

नियॉन फ्लेक्स, म्हणजे सिलिकॉनची वाकणारी पट्टी, मखराच्या कडेला लावली तर अगदी एकसारखा उजेड देते, ठिपका म्हणून दिसत नाही. लुकलुक नाही, झगमग नाही, नुसती एक झळाळी. मला आवडली. पण हिच्यात ॲडाप्टरचा खेळ आहे. १२ व्होल्टची पट्टी असते, दुकानदार समोर असेल तो ॲडाप्टर देतो, बहुतेक दोन ॲम्पिअरचा, आणि तो हात लावू देणार नाही इतका तापतो. रोलवर मीटरला किती वॉट ते छापलेलं असतं. त्याला मीटरने गुणायचं आणि १२ ने भागायचं, जो आकडा येईल त्याच्यापेक्षा थोडा वरचा ॲडाप्टर मागायचा. मीटरला साडेनऊ वॉट आणि पट्टी पाच मीटर असेल तर चारच्या आसपास येतं, म्हणजे पाच ॲम्पिअरचा घ्या. मी हे तिथे उभं राहून कॅल्क्युलेटरवर केलं तर दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, एवढं कोणी नाही करत." मग? पट्टी कापायची तर कात्रीची खूण असते तिथेच, मधे कापली तर तो तुकडा गेला.

आता सुरक्षेचं, कारण हे कोणी सांगत नाही. राइस माळेच्या त्या डबीत ट्रान्सफॉर्मर वगैरे काही नसतो. थेट २३० व्होल्टची वीज त्या बारक्या वायरीत फिरत असते, एलईडी ओळीत जोडलेले असल्यामुळे भागून घेतात एवढंच. म्हणजे वायर कुरतडलेली असेल, जोड उघडा असेल, तर शॉक पूर्ण बसतो. लहान मूल किंवा मांजर असेल त्या घरात ॲडाप्टरवरची कमी व्होल्टची माळ घ्या, थोडी महाग पडते. बाल्कनीत लावायची तर बॉक्सवर आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाणी किती अडवते त्याचा आकडा, बघा, ४४ किंवा त्यावर, आणि डबी आणि प्लग काहीही झालं तरी आत, गणपतीत पाऊस असतोच. बॉक्सवर बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, मार्क आणि त्याखाली आर ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा का खोटा ते दिसतं. गल्लीतल्या ढिगाऱ्यातल्या निम्म्या बॉक्सवर तर तो मला दिसलाच नाही, आणि विचारलं तर उत्तर मिळालं की "सण झाल्यावर कोण बघतंय". दुकानाचं नाव लिहीत नाही, शेजारच्या दुकानात मार्कवाली मिळाली, वीस रुपये जास्त दिले.

बिलाबद्दल: मागितलं तर मिळतं, न मागता नाही. वॉरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. त्यामुळे घेतलेली प्रत्येक माळ, दाखवलेली नाही, घेतलेली, बॉक्समधून काढून तिथेच लावून बघायची, आठही मोड. मागे लाइन लागली तरी लागू दे. अर्धी माळ लागत नसेल तर आतल्या ओळीतला एक एलईडी गेलेला असतो, घरी नेऊन दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

ऑनलाइन स्वस्त पडते का? थोडी पडते, पण रंग कळत नाही, वॉर्म व्हाइट म्हणून केशरी येते, आणि स्लो मोशनची टेस्ट करता येत नाही. बदलून मिळते ही मात्र खरी सोय. कोथरूड-हडपसरहून गल्लीत जाणं जमत नसेल तर जरूर घ्या, चतुर्थीच्या आठवडाभर आधी मागवा म्हणजे बदलायला वेळ राहील.

एक विचारायचं होतं. माळ्यावर आमची जुनी काचेच्या बल्बची माळ आहे, वायर धड आहे, चार बल्ब गेलेत आणि तो पत्तीवाला पण. गल्लीत दोन दुकानांत विचारलं तर हसले. सुटे बल्ब पुण्यात अजून कुठे मिळत असतील तर सांगा, सहा व्होल्टचे लागतात.